घरी मेणबत्त्या करायचं स्टार्टर किट: घ्यावं का, आणि सोबत काय लागतं

आपल्या नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या गिफ्टच्या दुकानांत काचेच्या ग्लासातल्या सुगंधी मेणबत्त्यांच्या किमती बघून "हे घरी होतं का गं" असं हल्ली मला बऱ्याच जणी विचारतात, म्हणून दिवाळीआधी ऑनलाइन मागवलेल्या सोया वॅक्सच्या किटबद्दल एकदाचं सविस्तर लिहिते. घरी होतं, अगदी छान होतं, पण फक्त किटमधल्या वस्तूंवर आणि आतल्या कागदावर विसंबून नाही होत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी किटं बरेच जण विकतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो.

899 रुपयांच्या डब्यात काय होतं बघा: अर्धा किलो सोया मेणाच्या चकत्या, 10 मिलीच्या दोन सुगंधाच्या बाटल्या, मेण लावलेल्या 10 सुती वाती, वात चिकटवायचे स्टिकर, चार पत्र्याच्या डब्या, रंगाचे तुकडे, गुलाबाचा एक सिलिकॉन साचा, प्लॅस्टिकचा कप आणि एक पानी माहिती. थर्मामीटर नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, कारण या कामात निम्मं यश तापमानावर असतं आणि त्या कागदावर एकही आकडा नाही, नुसतं "मेण वितळल्यावर सुगंध मिसळा, ओता आणि 24 तासांनी पेटवा" एवढंच.

आधी चांगलं सांगते. मेण खरंच चांगलं निघालं. स्वच्छ पांढरं, वितळल्यावर तळाला काही गाळ नाही, आणि जळताना तेलकट वास नाही. सोया मेण म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजनेशन करून घट्ट केलेलं, वनस्पती तूप ज्या प्रक्रियेने बनतं तीच ही. साधं मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन, ते खनिज तेलापासून येतं. सोया मेणाचा सगळ्यात मोठा आराम म्हणजे भांडी गरम पाणी आणि साबणाने निघतात, पॅराफिनसारखं खरवडत बसावं लागत नाही. (तरी उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका हं, पाइपात जाऊन घट्ट होतं. कागदाने पुसून कचऱ्यात टाकायचं आणि मग धुवायचं.)

डब्यावर मात्र "धूर नाही, काजळी नाही" असं मोठ्या अक्षरात छापलंय ते पटलं नाही. वात लांब ठेवली की कुठलीही मेणबत्ती काजळी धरते, सोया असो नाहीतर काही. पेटवायच्या आधी दर वेळी वात 5-6 मिलिमीटरवर कापायची, हे खरं तर डब्यावर छापायला हवं होतं.

आता सुगंध. याच्यावर जरा बोलायलाच पाहिजे कारण बहुतेकींची निराशा इथेच होते. सोया मेणात वजनाच्या साधारण 6 ते 10 टक्के सुगंधी तेल घालतात. 8 टक्के धरलं तर अर्धा किलोला 40 ग्राम लागतं आणि किटमध्ये दोन्ही बाटल्या मिळून 20 मिली, म्हणजे लागतं त्याच्या निम्मंच. मग मेणबत्ती लावल्यावर नाक जवळ नेलं तरच मोगरा येतो आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. आपलं काही बिघडलेलं नसतं, तेलच कमी दिलेलं असतं. वरून अंगाला लावायचा परफ्युम ओतायचा विचार कुणी करत असेल तर नको, त्यात अल्कोहोल असतं, ते पेट घेतं आणि मेणात मिसळतही नाही नीट. मेणबत्तीसाठीचंच तेल घ्या, आणि मोजताना चमच्याने नको, वजनकाट्यावर.

तेल घालायचं मेण 80-85 अंशांवर असताना, दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, बुडबुडे नकोत. ओतायचं मात्र 55-60 ला उतरल्यावर. आणि 24 तासांत पेटवायची घाई अजिबात नको, सोया मेणाला आठवडा दोन आठवडे झाकून ठेवलं की सुगंध मुरतो, फरक लगेच कळतो. दिवाळीला द्यायच्या असतील तर दसऱ्यालाच करून ठेवा.

प्लॅस्टिकचा कप मायक्रोवेव्हसाठी दिलाय. मी तो बाजूला ठेवला आणि सरळ भांडी बाजारात जाऊन चोचीचं, दांडीचं छोटं स्टीलचं पातेलं आणलं. दुकानदार काकांनी विचारलं, "चहाला हवंय का ताई?" म्हटलं मेण वितळवायला, तर म्हणाले, "मग हे वेगळंच ठेवा, परत स्वयंपाकात आणू नका." अगदी बरोबर सांगितलं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं आणि त्यात हे पातेलं, थेट गॅसवर मेण कधीच नाही, आणि गॅस चालू असताना तिथून हलायचं नाही. चुकून मेण पेटलंच तर पाणी ओतू नका, भडका उडतो. गॅस बंद करून वरून घट्ट झाकण. हे त्या कागदावर नाहीये याचा मला खरंच राग आला, कारण अशी किटं लोक मुलांसाठी पण घेतात.

थर्मामीटर आणि वजनकाटा केकच्या सामानाच्या दुकानात मिळून जातो. 

वाती डब्यांसाठी ठीक आहेत, डब्या साधारण सहा सेंटिमीटरच्या, त्यात मेण कडेपर्यंत छान वितळतं. पण तीच वात घरातल्या रुंद काचेच्या ग्लासात लावली की मधोमध विहीर पडल्यासारखा खड्डा होतो आणि कडेचं मेण तसंच राहतं. रुंद ग्लासाला जाड वात लागते, आणि ज्योत फार मोठी होऊन वातीच्या टोकाला काळा गोळा धरायला लागला की समजा वात जास्त जाड झाली. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत विझवू नका. गुलाबाचा साचा तर कळलाच नाही का दिलाय, हे मेण डब्यात ओतायचं मऊ मेण आहे, साच्यातून काढताना पाकळ्या तुटणारच, तिथे कडक मेण लागतं.

आणि आपल्या नाशिकच्या थंडीचं वेगळंच. डिसेंबर-जानेवारीत रात्री ग्रॅनाइटच्या ओट्यावर गार ग्लासात मेण ओतलं तर ते झपकन आकसतं, काचेपासून सुटतं, वर भेगा पडतात. ग्लास आधी थोडे कोमट करून घ्यायचे, खाली लाकडी पाट नाहीतर वर्तमानपत्राची घडी, पंखा बंद, आणि ग्लासांमध्ये अंतर ठेवायचं. तरी वर पांढरी फुलं फुलल्यासारखी बुरशी दिसली तर फेकू नका, ती बुरशी नसते, सोया मेणाचे स्फटिक असतात, जळायला काही फरक पडत नाही. मे महिन्यात उलटं, हे मेण 50 अंशांच्या आसपास वितळतं, उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली मेणबत्ती घरी येईपर्यंत लोळा होते.

किट घ्यायचं तर भेट द्यायला किंवा आपल्याला हे आवडतंय का बघायला घ्या, पुढच्या वेळी मेण, वाती, तेल सुटं मागवा, तेच स्वस्त पडतं आणि वात आपल्या ग्लासाच्या मापाची निवडता येते. माझ्याकडून पाचपैकी तीन, ते पण मेणासाठी. थर्मामीटर घालून सुगंधाच्या बाटल्या दुप्पट केल्या आणि गुलाबाचा साचा काढून टाकला तर चार देईन.