‘ईसीएम उडालाय, काका’ : साडेचौदा हजारांना पडलेली टकटक

भाचीच्या मुलाचं बारसं होतं कोल्हापुरात, दुपारी साडेबाराला. जुलै महिना, पहाटेपासून पाऊस. आम्ही दोघं पुण्यातून साडेसहाला निघालो, खंबाटकीचा घाट ओलांडला आणि साताऱ्याच्या अलीकडे हायवेवरच्या एका हॉटेलात मिसळ खायला थांबलो. वीस मिनिटांत परत गाडीत बसलो, किल्ली फिरवली, तर नुसतं टक-टक-टक-टक. पाल चुकचुकावी तसं, पण भराभर. सेल्फ बसेना.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल, गिअर हाताने टाकायचे. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची. हॉर्न वाजत होता. दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवली, तर समोरच्या भिंतीवरचा उजेड जरासुद्धा मंदावला नाही. आज मला या एवढ्यावरून बरंच काही कळतं. त्या दिवशी काही कळलं नाही, आणि न कळल्याची किंमत साडेचौदा हजार रुपये झाली. ती कशी झाली ते सविस्तर लिहितोय, कारण जी चूक केली ती पैसे देताना केली नाही, त्याच्या बरंच आधी केली.

दोन-तीनदा किल्ली फिरवून झाल्यावर एक पंचविशीतला मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. अंगात रेनकोट, हातात चहाचा कप. ‘काय झालं काका? सेल्फ घेईना व्हय? बॉनेट उघडा, बघतो.’ इतकं सहज म्हणाला, की मी खालचा खटका ओढला. ही माझी चूक. त्याने बॅटरीच्या टर्मिनलना हात लावून हलवून पाहिलं, शेजारच्या काळ्या डब्याचं झाकण काढलं, आत वाकून बोटांनी काहीतरी दाबलं, झाकण परत लावलं. ‘मारा आता.’

मारला. आता टकटकसुद्धा नाही. पूर्ण शांत. काट्यांच्या बोर्डावरचे दिवे लागलेले, एसीचा पंखा फिरतोय, पण सेल्फच्या नावाने काहीच नाही.

आवाज बदलला होता. एक माणूस बॉनेटमध्ये वाकण्याआधी गाडी एक बोलत होती आणि तो सरळ उभा राहिल्यावर दुसरंच. मी ते ऐकलं, आणि मनाशी म्हटलं, ‘अरेरे, दुखणं वाढलं.’ तीस वर्षं बँकेत लोकांच्या व्हाउचरवर लाल शेरे मारून निवृत्त झालेला माणूस मी. अक्षरातला फरक मला झोपेत कळायचा. इथे दोन आवाजांतला फरक कानावर आपटला आणि मी तो सही करून पास केला.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मुलाने फोन केला, दहा मिनिटांत मोटारसायकलवर एक मिस्त्री आला. बोलायला शांत, मला ‘काका’ आणि हिला ‘काकू’. त्याने स्टिअरिंगखाली एक छोटा प्लग लावला, मोबाइलवर लाल अक्षरांत एक कोड दाखवला आणि डोकं हलवलं. ‘ईसीएम उडालाय, काका. पावसाचं पाणी गेलंय आत. ह्या गाडीचा मेंदू हाय तो, इंजिनाचा कॉम्प्युटर. नवा घ्यायचा तर कंपनीतनं मागवायला लागंल, आठ दिवस. आमच्याकडं रिपेरिंग होतं, बावीस हजार.’

बावीस हजार ऐकून माझा चेहरा पडला असणार, कारण त्याने लगेच दुसरी बाजू मांडली. क्रेन लावून साताऱ्याला नेलं तर सहा हजार नुसते वाहून नेण्याचे, पुढचं वेगळंच. तेवढ्यात हॉटेलचा वॉचमन येऊन गाडी इथून हलवा म्हणून सांगून गेला. वाजले होते पावणेदहा. भाचीचा फोन येऊन गेला. हिचे गुडघे आधीच दुखत होते, त्यामुळे ती पुढच्या सीटवर, पायाशी बारशाच्या वस्तूंची पिशवी घेऊन बसून होती. आणि खरं सांगायचं तर, ‘मला गाडीतलं काही कळत नाही’ हे त्या दोघांसमोर उघड व्हायला नको म्हणून मी उगाच मान डोलावत होतो. ‘हो, हो, ईसीएमचं हल्ली फार होतं’ असं एक वाक्यसुद्धा माझ्या तोंडून गेलं. ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

घासाघीस करून साडेचौदावर आलं. दहा हजार रोख आधी, उरलेले ऑनलाइन. त्यांनी बॅटरी बाहेर काढली, बॉनेटमध्ये खुडबुड केली, आणि बोटभर जाडीचा एक पत्र्याचा डबा मला लांबून दाखवून मोटारसायकलवर घेऊन गेले. दीड तासाने परत आले. तोच (किंवा तसाच) डबा, पुन्हा खुडबुड, बॅटरी जागेवर. ‘मारा काका.’ गाडी अशी चालू झाली, की मी त्या माणसाचे हात हातात घेऊन आभार मानले. बिल मागितलं, तर ‘पावती बुक गॅरेजवर राहिलं, व्हॉट्सअॅप करतो’. जुना भाग मागायचा प्रश्नच नव्हता, रिपेरिंग होतं ना! बारशाला आम्ही पोचलो ते नाव ठेवून झाल्यावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी, परत निघताना, मेहुण्यांच्या दारात किल्ली फिरवली आणि टक-टक-टक-टक.

मेहुण्यांनी उद्यमनगरातल्या एका वायरमनला बोलावलं. साठीचा गृहस्थ, एका पिशवीत मल्टीमीटर, दोन पाने आणि सँडपेपर. मी त्याला सुरुवातीपासून सगळं सांगितलं, ईसीएमचा भाग जरा अभिमानाने. त्याने गाडीला हात लावायच्या आधी मलाच सेल्फ मारायला लावला आणि डोळे मिटून तो आवाज ऐकला. मग दिवे लावायला सांगून पुन्हा. मग म्हणाला, ‘बॅटरी चांगली हाय साहेब. विहिरीला पाणी हाय, पायपात गाळ अडकलाय.’

मीटर बॅटरीच्या दोन खांबांवर टेकवला : १२.५ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते, १२च्या खाली आली तर उतरलेली समजायची. सेल्फ मारताना आकडा ९-९.५च्या खाली कोसळला तर बॅटरी संपली म्हणायचं, आमचा ११.८वरच थांबला. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, पण सेल्फपर्यंत करंट जातच नव्हता. मग त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि पुन्हा किल्ली फिरवायला लावली. तिथे ०.२ व्होल्टच्या आत काहीतरी दिसायला हवं होतं. दिसलं तीनच्या वर.

‘हितं खातंय बघा.’

निगेटिव्हची जाड तार खाली गिअरबॉक्सला एका बोल्टने कसलेली असते, तिला अर्थिंग म्हणतात. त्या बोल्टखाली हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. लहान गाडीचा सेल्फसुद्धा फिरताना शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर घेतो, आणि त्याचं अर्थिंग बॉडीवर, वेगळ्या वाटेने असतं. म्हणून दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ मात्र उपाशी. सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला मोठा करंट जोडणारा विजेचा खटका) आत ओढला जातो, मोठा करंट मागितला की त्या गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, परत ओढला जातो. टकटक ती हीच. (टर्मिनलच सैल असतं किंवा बॅटरी उतरलेली असती, तर टकटक अशीच आली असती, पण दिवे प्रत्येक वेळी विझू विझू झाले असते. आणि एकच जोराचा ‘टक’ येऊन पुढे काही झालं नसतं, तर आधी सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन बघायचे.)

मी विचारलं, मग ते ईसीएम?

त्याने डाव्या बाजूचं दार उघडलं, हिला जरा उतरायला सांगितलं, समोरचा कप्पा दोन खटके दाबून खाली सोडला आणि आत टॉर्च मारला. ‘ह्या मॉडेलचा ईसीएम हा इथं असतोय.’ बोल्टवर नऊ वर्षांची धूळ, कंपनीचा पिवळा खुणेचा रंग जसाच्या तसा. बॉनेटमध्ये तो नव्हताच कधी. ही म्हणाली, ‘म्हणजे दीड तास तो माझ्या गुडघ्यापाशीच होता?’

मोबाइलवर दाखवलेल्या कोडचा मी फोटो काढून ठेवला होता, निदान तेवढं केलं होतं : पी०५६२. वायरमनने वाचून सांगितलं, सिस्टिमचं व्होल्टेज कमी पडलं, एवढाच त्याचा अर्थ. ‘आणि हा कोड दिला कुणी? ईसीएमनंच की. मेलेला माणूस सोताच्या मरणाचा दाखला देतोय व्हय?’ किल्ली फिरवल्यावर बोर्डावर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागत होता, तोही ईसीएमला वीज पोचतेय हेच सांगत होता. शिवाय आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत किल्ली, रिले (विजेवर चालणारा छोटा खटका), सोलेनॉइड अशी सेल्फची वाट सरळ असते. सेल्फ फिरतच नाही म्हणून पहिला संशय ईसीएमवर घेणं म्हणजे पाय मुरगळला म्हणून डोक्याचं ऑपरेशन.

एवढं झाल्यावर त्याने तो काळा डबा उघडला, म्हणजे फ्यूजबॉक्स. त्यातला एक चौकोनी रिले चिमटीत धरून उपसला. ‘आता मारा सेल्फ.’

मारला. पूर्ण शांत. दिवे लागलेले, पंखा फिरतोय, टकटकसुद्धा नाही.

‘असाच गप झाला होता का?’

हो. अगदी असाच. त्या शांततेवर मी दोन दिवसांपूर्वी साडेचौदा हजार मोजले होते. रिलेच्या कडांची धूळ नुकतीच पुसल्यासारखी होती, शेजारच्या सगळ्यांवर थर तसाच होता. वायरमन एवढंच म्हणाला की आपण डोळ्यांनी बघितलं नाही, तेव्हा काढलाच होता असं छातीठोक सांगता येत नाही. मग गाडी चालू कशी झाली? रिले परत बसला, आणि बॅटरी काढताना-घालताना ती जाड तार हलली. बोल्टखाली कुठेतरी धातूला धातू लागला. दोन दिवस पुरला.

बोल्ट काढून घासणं, तारेच्या टोकाची धातूची कडी चकचकीत करणं, कसून आवळणं, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं, ०.१ व्होल्ट. पंचवीस मिनिटं, चारशे रुपये, आणि न मागता बिल.

जाता जाता तो आणखी एक बोलला, ते जास्त लागलं. गिअर हाताचे, बॅटरी चांगली. किल्ली ऑन करून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून, हॉटेलच्या दोन पोरांनी धक्का दिला असता आणि गाडी पळू लागताच मी क्लच सोडला असता, तर गाडी तिथेच चालू झाली असती. (ऑटोमॅटिकला हे चालत नाही.) आणि माझ्या विम्यात रस्त्यात मदतीचं कलम होतं. त्याचे पैसे दर वर्षी भरतो. पॉलिसीवरचा तो नंबर मी कोल्हापूरला पोचल्यावर वाचला. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा हेल्पलाइन नंबर असतो, तो तर आयुष्यात कधी लावला नाही.

आता गाडी बंद पडली तर मी काय करणार ते ठरवून ठेवलंय. बॉनेट उघडण्याआधी दिवे लावून सेल्फ मारायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, आवाजासकट. कुणी हात लावल्यावर पुन्हा एक. दोन्ही सारखे नसतील तर त्या माणसाचे आभार मानून बॉनेट बंद. फ्यूजबॉक्सच्या झाकणाचाही फोटो, आधी आणि नंतर. गाडीचा ईसीएम कुठे आहे, हे आमच्या घरात आता हिलासुद्धा पाठ आहे.

तक्रार केली का, असं सगळे विचारतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. हे सगळं मुलाने मला शोधून दिलं. पण तक्रार कुणाविरुद्ध? गॅरेजचं नाव माहीत नाही, पाटी पाहिली नाही, मोटारसायकलचा नंबर घेतला नाही. दहा हजारांचा पुरावाच नाही. साडेचार हजार गेले ते एका बाईच्या नावावर, मिस्त्रीची बहीण की बायको कोण जाणे.

मिस्त्रीचा मोबाइल नंबर मात्र होता. पुण्याला आल्यावर लावला. उचलला. मी ईसीएम, गुडघ्यापाशीचा कप्पा, धूळ, पी०५६२, रिले असं सगळं एका दमात बोललो. तो मध्ये एकदाही बोलला नाही. माझं संपल्यावर त्याच शांत आवाजात म्हणाला, ‘काका, आमच्याकडनं गेली तवा गाडी चालू होती ना? मग?’