रिच चालणारी जुनी गाडी: मूळ कार्बोरेटर दुरुस्त करायचा की नवा बसवायचा?

गाडी थंड असताना गोड चालते. गरम झाली की गुदमरते, दोन मिनिटं उभी राहिली की सुटताना भडभड करते, प्लग काढावा तर काजळीने काळाकुट्ट. मिक्श्चर रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. पुढे दोन पंथ आहेत. एक म्हणतो मूळ कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) खोला, किट म्हणजे जेट-गॅस्केट-रबरांचं पाकीट टाका. दुसरा म्हणतो, चाळीस वर्षांचं पितळ कुरवाळत काय बसता, नवा बसवा आणि मोकळे व्हा. माझ्या जुन्या १०० सीसी टू-स्ट्रोक दुचाकीवर मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल मूळ कार्बोरेटरकडे आहे, पण डोळे झाकून नाही.

पैसे कुठेही घालण्याआधी एवढी खात्री करा की दोष कार्बोरेटरचाच आहे. चोंदलेला एअर फिल्टर हुबेहूब रिचसारखा वागतो. कमजोर स्पार्कही प्लग काळा करतो, कारण पेट्रोल बरोबर असलं तरी पूर्ण जळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं गिअरबॉक्सकडचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं. तिथे प्लग कोरड्या काजळीऐवजी तेलकट ओला होतो, धूर पांढरा-निळा येतो आणि गिअर ऑइल आपोआप कमी होत जातं. यांपैकी काही असेल तर नवा कार्बोरेटर बसवूनही गाडी तशीच गुदमरणार. माझ्या ओळखीत असे दोन नवे कार्बोरेटर बसलेत.

नंतर थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचवर कागदी टेप चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि गरम गाडी चालवून बघा. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. पहिल्या अष्टमांशात पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य, पावपर्यंत स्लाइडच्या (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) कापाचं, पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि ती ज्यात वर-खाली होते त्या नीडल जेटचं, त्यापुढे मेन जेटचं. सगळीकडेच रिच असेल तर फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) किंवा चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी सोय) बघा. दुरुस्ती की बदली, याचं निम्मं उत्तर या टेपवर मिळतं.

मूळ कार्बोरेटर दुरुस्त करणे

याच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा: तो त्याच इंजिनासाठी जुळवलेला आहे. गाडी कधीकाळी नीट चालत होती, म्हणजे बिघडलंय ते झिजलंय तरी किंवा कुणी छेडलंय तरी. दोन्ही शोधता येतं.

बहुतेक वेळा चोर नीडल जेट असतो, आणि तोच सर्वांत कमी तपासला जातो. नीडल काढा, खिडकीशी धरा आणि दोन बोटांत हळूहळू फिरवा. मधल्या भागात एका अंगाला चकाकणारा पट्टा दिसला तर ती जेटच्या भिंतीवर घासत आलीय. जेटचं भोकही मग लंबगोल झालेलं असतं. डोळ्याला ही झीज किरकोळ वाटते, पण हिशोब करून बघा. नीडल २.५० मिमी आणि जेटचं भोक २.६० मिमी धरलं, तर पेट्रोल त्या दोघांमधल्या बारीक कड्यातून वर येतं. भोक झिजून २.६५ झालं, म्हणजे फक्त ०.०५ मिमी वाढलं, तर कड्याचं क्षेत्रफळ जवळपास दीडपट होतं. म्हणूनच पाव-अर्ध्या थ्रॉटलवर गाडी बुडते आणि पूर्ण उघडल्यावर सुटते. नीडलची क्लिप एक खाच वर सरकवून नीडल खाली आणली तर थोडं बरं वाटतं, पण एका जागी सुधारतं आणि दुसऱ्या जागी लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. नीडल आणि जेट जोडीनेच बदलावेत.

दुसरा संशयित फ्लोट. वाटीत येणारं पेट्रोल रोखणाऱ्या व्हॉल्व्हच्या पिनच्या टोकावर गोल चर पडला असेल तर ती बंद होत नाही. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड होऊन बुडतोय आणि वाटीतली पातळी वर चढतेय. पातळी मोजताना कार्बोरेटर इतकाच तिरपा करा की फ्लोटची जीभ पिनच्या स्प्रिंगला फक्त टेकेल, दाबणार नाही. सरळ उलटा धरला की स्प्रिंग दबते आणि माप चुकतं. चोकचा प्लंजरही बघा. त्याच्या खालचं रबर कडक झालं की चोक बंद असूनही पेट्रोल झिरपत राहतं.

या मार्गाची खोट किटमध्ये आहे. पॅकेटमधली जेट आकड्याला बरोबर, भोकाला चूक, असं सर्रास होतं. मेन जेटमध्ये काही घासत नाही, त्यामुळे तो सहसा झिजत नाही. कुणी तारेने खरवडलेला नसेल तर मूळ जेट साफ करून परत लावा आणि किटमधून गॅस्केट, रबरं, फ्लोट व्हॉल्व्ह एवढंच घ्या. आणि स्वतः साफ करताना तार नको. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. स्टीलच्या तारेने पितळ मोठं केलं की रिच गाडी आपण स्वतःच घडवतो.

नवा बसवणे

नव्यात झीज शून्य, हे खरंच मोठं सुख आहे. आयडल (मूठ सोडल्यावरची इंजिनाची चाल) पहिल्या दिवसापासून स्थिर, चोक घट्ट, वाटी गळत नाही. वेळ नसेल, गाडी रोजच्या कामाची असेल तर मोह समजण्यासारखा आहे.

पण तो ‘तुमच्या गाडीचा’ म्हणून विकला तरी जेटिंग तुमच्या गाडीचं असेलच असं नाही. मी घेतलेल्यात नीडलला एकच खाच होती, म्हणजे वर-खाली करायची सोयच नव्हती, आणि मेन जेटवर आकडाच नव्हता. आठवडाभर मी जुन्यातून जेट काढून नव्यात लावत बसलो. तेही डोळे मिटून चालत नाही: केहिन आणि मिकुनी या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपन्या; केहिनच्या जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासावरून येतो, मिकुनीच्या मोठ्या षटकोनी जेटवरचा प्रवाहावरून, त्यामुळे दोघांचा ११० एकच नव्हे.

घेण्याआधी व्हेंचुरीचा (हवा जाते त्या मधल्या अरुंद भोकाचा) व्यास, बोल्टमधलं अंतर, केबलची लांबी आणि चोकची जात जुळवा. टू-स्ट्रोकला ऑइल पंप असेल तर त्याच्या केबलची किंवा नळीची सोय आहे का तेही बघा. फोर-स्ट्रोकसाठी जुळवलेला कार्बोरेटर टू-स्ट्रोकला लावू नका. व्यास जुळला तरी नीडल जेटची रचना बहुधा वेगळी असते. नव्यात रिचऐवजी लीन निघालं तर टू-स्ट्रोक सीझ होऊ शकते, म्हणजे पिस्टन जाम होतो. रिच गाडी नुसती पेट्रोल पिते.

तिसरी वाट, जिच्यावर जाऊ नये

मेन जेट दोन नंबर लहान टाकायचा. गाडी डोंगराळ भागात, उंचावर कायमची नेलीत तर हे बरोबरच आहे. हवा विरळ होते आणि तेच जेटिंग रिच पडतं. पण कालपर्यंत नीट चालणारी गाडी त्याच जागी रिच झाली असेल तर जेट मोठा झालेला नाही, दुसरं काहीतरी बिघडलंय.

मग कुणी काय करावं?

टेपची खूण मधल्या भागात दोष दाखवत असेल, किंवा सगळीकडे रिच आणि वाटी ओव्हरफ्लो, तर मूळच दुरुस्त करा. एक सुट्टीचा दिवस जाईल.

स्लाइड मात्र बोटाने मागे-पुढे खडखडत असेल तर विचार बदला. झिजलेल्या स्लाइडच्या कडेने हवा शिरते, आयडल लीन होतं, मग कुणीतरी स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतं, आणि गाडी वर रिच, खाली डळमळीत अशी विचित्र होते. (स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की लीन. अर्ध्या चुका इथेच होतात.) जुन्या अ‍ॅमल कॉन्सेंट्रिक कार्बोरेटरमध्ये स्लाइड आणि बॉडी एकाच जातीच्या मऊ मिश्रधातूची, त्यामुळे ही झीज त्यांच्यात नेहमीची. तिथे बॉडीला स्लीव्ह (आतून नळीसारखं अस्तर) घालणारा कारागीर मिळाला तर उत्तम, नाहीतर नवा. बॉडीतला पायलटचा बारीक मार्ग गंजाने कायमचा बुजला असेल, किंवा फ्लँज (इंजिनाला बोल्टने जोडणारी सपाट बाजू) आवळून आवळून वाकलेली आणि घासूनही सपाट होत नसेल, तरीही नवाच.

नवा घेतलात तरी जुना टाकू नका. त्यातली नीडल, स्लाइड आणि जेटचे आकडे कागदावर उतरवून डब्यात ठेवा; नव्याचं ट्यूनिंग तिथूनच सुरू करावं लागतं.