जहाज डिझाइनचं सॉफ्टवेअर: काही महिने बॅटलक्रूझर बनवून झाल्यावर (धुराड्याचा कॉलम कुठाय?)

परवा अपडेट आपोआप उतरलं आणि माझ्या सगळ्या जुन्या जहाजांच्या फाइली उघडायच्या बंद झाल्या. मेल टाकला तर उत्तर आलं की जुना फॉरमॅट आता फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी, वर्षाचे साडेतीन हजार. फुकटातल्या वस्तूवर किती चिडायचं हा प्रश्न आहेच, पण फाइली माझ्या आहेत ना? नाव मुद्दाम देत नाही, ज्यांनी वापरलंय त्यांना कळेलच. लांबी, रुंदी, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसतं ते), तोफा, चिलखत, वेग टाकला की टनेज, हॉर्सपॉवर आणि किंमत निघते, ते परत सांगत बसत नाही.

माझं जहाज असं: 1909 सालचं ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांचं, पण वेगासाठी चिलखत कमी ठेवलेलं लढाऊ जहाज), 12 इंची आठ तोफा, 9 इंची बेल्ट (बाजूच्या चिलखताचा पट्टा), 27 नॉट वेग आणि सगळं 21 हजार टनांच्या आत. म्हणजे खऱ्या ब्रिटिश बॅटलक्रूझरांपैकी इन्व्हिन्सिबलपेक्षा जाड कातडीचं आणि लायनपेक्षा स्वस्त. इन्व्हिन्सिबल साधारण 17 लाख पौंडात झालं होतं, लायनला 20 लाखांच्या वर गेले, मला मधलं काहीतरी बसवायचं होतं. दुसऱ्याचे पैसे, तेही शंभर वर्षांपूर्वीचे, तरी आपला हात आखडतोच.

बसलं नाही. लाल अक्षरात सारखं तेच, जहाजाचा सांगाडा एवढं वजन पेलत नाही. पहिले काही आठवडे माझं ठाम मत होतं की हे सॉफ्टवेअर चिक्कू आहे. मग खरं इन्व्हिन्सिबलच त्यात टाकून बघितलं, 567 फूट लांबी, 41 हजार हॉर्सपॉवर, 25 नॉट, 6 इंची बेल्ट, तर टनेज 17 हजारांच्या आसपासच आलं, जे खरंही तेवढंच होतं. म्हणजे गणित चोख आहे, त्याबद्दल पूर्ण मार्क. दोन नॉट जास्त मागितले की इंजिनं अख्खं जहाज खातात. ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते, कधी त्याहून जास्त, म्हणून लायनला 27 नॉटसाठी 70 हजार हॉर्सपॉवर लागले. लांबी वाढवली तर लाटांचा विरोध कमी होतो खरा, पण लांब जहाजाला बेल्टही लांब लागतो, म्हणजे वजन परत तिथेच.

जर्मनांनी मग फोन डर टान हे त्यांचं बॅटलक्रूझर साडेएकोणीस हजार टनांच्या आत 250 मिलिमीटरचा बेल्ट लावून कसं बसवलं, तर तोफा 11 इंची ठेवल्या आणि बॉयलर बारीक नळ्यांचे वापरले जे कमी जागेत जास्त वाफ देतात. ब्रिटिश नौदल जाड नळ्यांचेच बॉयलर धरून बसलं. सॉफ्टवेअरमध्ये इंजिनाचं साल बदलता येतं, नळ्या बदलता येत नाहीत, पण तेवढं चालवून घेतो.

जे अजिबात चालवून घेत नाही ते धुराडं. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये धुराडं कुठे आहे हे सांगायला जागाच नाही! टरेट (तोफांचा फिरता बुरूज) पुढे की मागे ते विचारतं, किती बोटी आहेत तेही विचारतं, पण पुढची डोलकाठी धुराड्याच्या पुढे की मागे, काही पत्ता नाही. तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. अहो, ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेवर काठी पहिल्या धुराड्याच्या मागे लावली होती, कारण काय तर बोटी उचलायच्या डेरिकला (क्रेनला) आधार सोयीचा पडतो. आणि त्या काठीच्या टोकावर बसून ज्या माणसाने गोळे कुठे पडतायत ते बघून सांगायचं त्याच्या तोंडावर सगळा धूर. यातून शिकून पुढे हे बंद झालं असेल असं वाटतं ना, तर ओरायन या युद्धनौकेवर आणि लायनवर परत तेच केलं. लायनच्या 1912 च्या चाचणीत वरचा माणूस नुसता भाजायचा बाकी राहिला, मग काठी आणि धुराडं यांची अदलाबदल करण्यात वेगळा पैसा गेला. 13.5 इंची तोफा घ्यायच्या आणि नेम सांगणाऱ्याला शेगडीवर बसवायचं. मला तर हा प्रकार आठवला की चिलखताचे आकडेच दिसेनासे होतात. पहिल्या मेलमध्ये मी हेच लिहिलं होतं, त्यावर उत्तर आलं की धुराडी हा दिसण्याचा भाग आहे. दिसण्याचा!! बरोबर आहे, धुरामुळे काही दिसतच नाही.

मधे एकदा मत अजून बदललं. आधी ठरवलं होतं की गणित बरोबर, धुराडं सोडलं तर चार स्टार. मग क्वीन मेरी ही ब्रिटिश बॅटलक्रूझर टाकून बघितली. सगळं हिरवं, स्थिरता उत्तम, सांगाडा उत्तम. आणि हीच क्वीन मेरी 31 मे 1916 ला जटलंडच्या लढाईत (पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश आणि जर्मन नौदलांची) फुटून साडेबाराशेच्या वर माणसांसकट गेली, त्याच दिवशी इन्डिफॅटिगेबल आणि इन्व्हिन्सिबलही. इन्व्हिन्सिबलवर हजारांहून जास्त माणसं होती, वाचली सहा. नुसतं पातळ चिलखत म्हणून हे झालं असं म्हणणं सोपं आहे, पण तोफा भराभर चालाव्यात म्हणून दारूकोठाराची दारं उघडी ठेवायची सवय लागली होती आणि कॉर्डाइट (तोफेची दारू) रेशमी पिशव्यांत. टरेटमध्ये ठिणगी पडली की आग थेट खाली. जर्मनांना हाच धडा जानेवारी 1915 मध्ये डॉगर बँकच्या लढाईत मिळाला होता, त्यांच्या सायडलिट्झ जहाजाचे मागचे दोन्ही टरेट जळाले, कोठारात पाणी सोडलं म्हणून जहाज राहिलं, आणि नंतर त्यांनी बंदोबस्त केला. लायन स्वतः जटलंडला वाचलं ते त्यावरच्या मेजर हार्वीमुळे, मरता मरता त्यांनी कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला. हार्वींचा तो टरेट, म्हणजे मधला क्यू टरेट, धुराड्यांच्या मधे अडकलेला. आमच्या प्रोग्रॅमला हे सगळं म्हणजे फक्त आठ तोफा आणि त्यांचं वजन. म्हणून एक स्टार कापला, तीन.

उलट एक गोष्ट अनपेक्षितपणे आवडली, आणि ती म्हणजे काही वर्षांनी जहाजावर वजन वाढवून बघायची सोय. रिनाउन हे ब्रिटिश बॅटलक्रूझर टाकून बघा. 15 इंची सहा तोफा, 6 इंची बेल्ट, कागदावर 30 नॉटच्या वर, 1915 च्या जानेवारीत कामाला हात घातला आणि 1916 मध्ये जहाज तयार. हे तेच रिनाउन ज्यातून प्रिन्स ऑफ वेल्स 17 नोव्हेंबर 1921 ला मुंबईत उतरला आणि शहरात बहिष्कार आणि दंगल झाली. तर जटलंडनंतर नौदलाने हे चिलखत बघून डोक्याला हात लावला आणि नवं जहाज लगेच गोदीत घेऊन डेकवर शेकडो टन चिलखत चढवलं. पुढे रिनाउन आणि त्याच नमुन्याचं रिपल्स, या दोन्ही बहिणींची इतकी डागडुजी झाली की खलाशी रिनाउनला रिफिट आणि रिपल्सला रिपेअर म्हणायचे. हे वाढीव वजन टाकलं की जहाज किती खाली बसतं ते प्रोग्रॅम बरोबर दाखवतो.

साडेतीन हजार मात्र भरणार नाही. जुन्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती अजून आहे, त्याचं इंटरनेट काढून टाकलंय. माझं जहाज आता 23 हजार टनांवर गेलंय, काठी धुराड्याच्या पुढे (हे मी कागदावर वेगळं काढून ठेवलंय), मधला टरेट काढून टाकला. आता कोळशाऐवजी नुसत्या तेलावर नेऊन बघतोय. वजन वाचतं, फावडे मारणारी माणसं वाचतात, पण बेल्टच्या मागे कोळशाच्या कोठ्यांचं जे फुकटचं संरक्षण मिळायचं ते जातं, आणि ते पण या प्रोग्रॅमच्या कुठल्याच कॉलममध्ये नाही.