रेड स्कल वाचायचा तर नेमका कुठला? अवतार समोरासमोर ठेवून

रेड स्कल म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला, नायक कॅप्टन अमेरिकाचा हाडवैरी. तो वाचायला घेतला की पहिला गोंधळ इथेच होतो: या नावाचा माणूस एक नाही. १९४१चा रेड स्कल अमेरिकन कारखानदार आहे, १९५३चा कम्युनिस्टांचा हस्तक, आणि आज सगळे ज्याला ओळखतात तो नाझी योहान श्मिट उगवला थेट १९६५ साली. चित्रपटात त्याचा चेहरा खरोखरच लाल आहे, कॉमिक्समध्ये मात्र कित्येक वर्षं तो नुसता मुखवटा होता. म्हणून ‘रेड स्कलची चांगली गोष्ट कुठली?’ असं कुणी विचारलं, की उलट विचारावं लागतं: वेळ किती आहे, आणि जुन्या कॉमिक्सची बडबड सोसेल का?

सत्तेची भूक या सगळ्यांनाच आहे. फरक दिसतो तो घास तोंडाशी आल्यावर. खालची तुलना त्याच एका कसोटीवर आहे. घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकतो: १९६६ची कॉस्मिक क्यूबची, म्हणजे मनातलं घडवून आणणाऱ्या ठोकळ्याची कथा (‘टेल्स ऑफ सस्पेन्स’, अंक ७९ ते ८१). तीन भाग, साधारण तीस पानं, अर्ध्या तासाचं काम. पुढे शेवटही सांगितलेले आहेत. ते नको असतील तर इथेच थांबा आणि ती कथा उघडा.

१९४१: मंत्रिपदासाठी खून

‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलंय, पण अंक दुकानांत आला डिसेंबर १९४०मध्ये. पर्ल हार्बरला अजून वर्ष होतं. त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू कुटुंबांतले. त्यांनी मुखपृष्ठावरच हिटलरच्या जबड्यावर ठोसा ठेवून दिला. त्या मानाने आतला रेड स्कल किरकोळ निघतो. जॉर्ज मॅक्सन नावाचा विमानं बनवणारा उद्योजक मुखवटा चढवून लष्करी अधिकाऱ्यांना मारत सुटतो. कशासाठी? तर हिटलरने त्याला अमेरिकेच्या सगळ्या उद्योगांचं मंत्रिपद कबूल केलंय. मंत्रिपदाच्या आश्वासनावर माणूस कुठवर जातो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. शेवटी झटापटीत तो स्वतःच्याच विषारी सुईवर लोळतो आणि खलास. मे महिन्याच्या तिसऱ्या अंकात पुन्हा हजर.

इतिहास म्हणून हा अंक वाचावाच, खलनायक समजून घ्यायला नको. सलग वाचत जायचा मोह तर अजिबात धरू नका. युद्धकाळातल्या अंकांत जपानी माणसांची चित्रं आज बघवत नाहीत, आणि १९४९ साली चौऱ्याहत्तराव्या अंकापर्यंत मासिकाचं नावही बदललेलं, कॅप्टन आणि स्कल यांची कुस्ती नरकात लागलेली.

१९६५-६६: हॉटेलातला पोऱ्या आणि सोन्याचं चिलखत

‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ हे तेव्हा जोड-मासिक होतं. अर्धा अंक आयर्न मॅनचा, अर्धा कॅप्टन अमेरिकाचा. म्हणजे प्रत्येक भाग जेमतेम दहा पानांचा, आणि त्यामुळे पाल्हाळाला जागाच नाही. पासष्टाव्या अंकात मॅक्सनचीच जुनी गोष्ट नव्याने काढली आहे. सहासष्टाव्यात खरा स्कल आपली जन्मकथा सांगतो. हिटलर हॉटेलात आपल्या एका अधिकाऱ्यावर खेकसतोय: तुझ्यापेक्षा बरा माणूस मी या सामान उचलणाऱ्या पोऱ्यातून घडवून दाखवीन. तो पोऱ्या म्हणजे श्मिट. प्रशिक्षकांनी त्याचा साधा सैनिक बनवला तेव्हा हिटलर भडकला, स्वतः शिकवायला बसला आणि कवटीचा मुखवटा स्वतःच दिला. पुढे त्यालाच या शिष्याची धास्ती वाटू लागली.

कथा थोडक्यात उरकते, पण स्कलच्या पुढच्या सगळ्या वागण्याची किल्ली तिच्यात आहे. ज्याला कुणी माणसात धरत नव्हतं, त्याची निवड झाली ती दुसऱ्या कुणाला हिणवण्यासाठी.

मग एकोणऐंशी ते एक्क्याऐंशी हे तीन अंक. स्कल बर्लिनच्या बंकरमधून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलाय आणि त्याच्या हाती कॉस्मिक क्यूब पडतो. तळहातावर मावणारा ठोकळा. मनात आणाल ते होतं. आता भूक पूर्ण शमायची वेळ. आणि हा माणूस पहिल्यांदा काय मागतो? सोन्याचं चिलखत. सम्राटासारखा नटतो. कॅप्टन शरण आल्याचं सोंग करतो, गुडघे टेकतो, मला तुमचा सेवक करा म्हणतो. स्कलला हे दृश्य इतकं गोड लागतं की तो शत्रूला हाताच्या अंतरावर येऊ देतो. झटापट, बेट खचतं, क्यूब समुद्रात जातो, मागोमाग स्कलही उडी घेतो, आणि ते सोनं त्याला तळाशी ओढून नेतं.

मुद्दा नीट बघा. क्यूब हातात असताना कॅप्टनला नाहीसा करायला एक विचार पुरेसा होता. पण तो नाहीसा झाला असता तर गुडघे कोण टेकणार? स्कलला जग नको आहे, जगाने वाकलेलं हवं आहे. नंतरच्या लेखकांनी हीच गोष्ट शंभर पानांत सांगितली, पण इतकी नेमकी कुणाला साधली नाही.

अडचण एकच: लेखक स्टॅन ली यांचे संवाद. प्रत्येक जण भाषण ठोकतो. पहिल्या चार पानांतच डोकं दुखलं तर संवादांचे फुगे वरवर वाचा, कर्बीची चित्रं गोष्ट सांगतात. क्रम ६६, ७९, ८०, ८१ असा ठेवा. मधला ७२ ते ७४चा यंत्रमानवांचा भाग गाळला तरी काही अडत नाही.

१९८४ ते १९९०: म्हातारा स्कल, सुटातला स्कल

इथे भरपूर माल आहे, पण तो विखुरलेला आहे. लेखक जे. एम. डीमॅटिस यांच्या ‘कॅप्टन अमेरिका’ मासिकाच्या २९८व्या अंकात स्कल आपलं आयुष्य सविस्तर सांगतो: आई बाळंतपणात गेली, बापाने तान्ह्याला बुडवायचा प्रयत्न केला, मग स्वतः जीव दिला. ३००व्या अंकात म्हातारपण आलेला स्कल कॅप्टनच्या हातून मरण मागतो. कॅप्टन मारत नाही. त्याच्या मिठीतच स्कल संपतो. शेवट म्हणून हा फार चांगला होता, पण कॉमिक्समध्ये शेवट टिकत नाही. मार्क ग्रुएनवाल्ड यांच्या ३५०व्या अंकात तो परततो, तेही कॅप्टनच्याच शरीराची नक्कल करून बनवलेल्या देहात. वॉशिंग्टनमध्ये सूट घालून, लांब नळीतून सिगारेट ओढत उद्योग चालवतो. आणि त्याच अंकात त्याच्याच विषारी भुकटीने त्याचा चेहरा कायमचा कवटीसारखा होतो. मुखवट्याचा खरा चेहरा झाला तो इथे.

या काळातलं एकच प्रकरण वाचायचं असेल तर ३६७वा अंक. नाझी छळछावणीतून वाचलेला मॅग्नेटो, मार्व्हलचाच दुसरा खलनायक, स्कलला शोधून काढतो, तू तोच आहेस ना याची खात्री करून घेतो, आणि त्याला जमिनीखालच्या अंधाऱ्या खोलीत थोडं पाणी ठेवून कोंडतो. मारामारी नाममात्र. एक खलनायक दुसऱ्याला शिक्षा देतो, आणि वाचकाला दार उघडावंसं वाटत नाही.

तोटा असा की हे अंक सुटे वाचताना मागचं-पुढचं बरंच सुटतं. ३६७व्याच्या मागे एक मोठं बहुमासिकी प्रकरण चालू आहे. त्याकडे सरळ दुर्लक्ष करा.

२००५: पहिल्याच अंकात गोळी

लेखक एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांची ‘कॅप्टन अमेरिका’ मालिका या यादीतली सगळ्यात सफाईदार. पण स्कलसाठी ती घेत असाल तर सावध: पहिल्या अंकाच्या शेवटालाच त्याला गोळी लागते. पुढे तो उरतो तो गोळी घालायला लावणाऱ्या रशियन उद्योगपतीच्या, लुकिनच्या डोक्यात. एका कवटीत दोन सत्ताधीश भांडतायत ही कल्पना झकास आहे, पण रंग चढायला पंचविसाव्या अंकाच्या पुढे जावं लागतं. हेरकथा आवडत असेल तर घ्या. १ ते १४ सलग वाचा, दहावा सोडा. तो दुसऱ्याच एका महाकथेचा तुकडा आहे.

शोधताना घोळ होतो तो क्रमांकांचा. या नायकाची मासिकं १९९६, १९९८, २००२ आणि २००५ साली दरवेळी नव्याने ‘अंक १’पासून सुरू झाली, उलट १९६८ची मालिका सुरूच झाली शंभराव्या अंकापासून. २००५ची मालिका पन्नासाव्या अंकानंतर एकदम सहाशेवर उडी मारते. तेव्हा नुसता अंक क्रमांक टाकून शोधू नका, साल तपासा. मार्व्हल अनलिमिटेडवर, म्हणजे मार्व्हलच्या डिजिटल वाचन-सेवेवर, साठच्या दशकातले भाग ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ या नावाखालीच सापडतात.

२०११: चित्रपट, आणि त्याच वर्षीची एक बिनमुखवट्याची मालिका

‘द फर्स्ट ॲव्हेंजर’ १२४ मिनिटांचा आहे आणि ह्यूगो वीव्हिंगने श्मिट मन लावून केलाय. एक प्रसंग मुद्दाम बघा: श्मिट चित्रकारासमोर बसलाय, आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो चित्रकाराच्या पॅलेटवरचा लाल रंग आणि त्याची उडालेली गाळण. स्वतःचं चित्र काढून घेण्याची ही हौस त्या सोन्याच्या चिलखताची सख्खी बहीण. नाझी अधिकारी तपासणीला येतात, लक्ष्यांच्या नकाशावर बर्लिनही आहे हे त्यांच्या लक्षात येतं, आणि पुढच्या क्षणी ते उरत नाहीत.

गोम अशी की हिटलरपासून फारकत घेतल्यावर या श्मिटकडे विचारसरणी म्हणून काही शिल्लक राहत नाही. निळ्या किरणांच्या बंदुका राहतात. नाझीवाद पुसला की स्कल हलका होतो. मुलांना दाखवायला सोयीचा, पण हलका. त्याची भरपाई २०१८च्या ‘इन्फिनिटी वॉर’ चित्रपटात होते, तिथे तो व्होर्मिर नावाच्या ग्रहावर पहारेकरी आहे. ज्या खजिन्याला हात लावता येणार नाही त्याची वाट इतरांना दाखवायची. तिथे वीव्हिंग नाही, रॉस मार्क्वांड आहे. आवाजातला फरक ऐकणाऱ्यालाच कळतो. १९९०च्या चित्रपटातला स्कल मात्र चक्क इटालियन आहे. तो कुतूहल असेल तरच बघा.

‘रेड स्कल: इन्कार्नेट’ हे ग्रेग पाक आणि मिर्को कोलाक यांचं पाच अंकी काम पूर्ण वेगळं. त्यात कुणी सुपरहीरो नाही. युद्धापूर्वीच्या जर्मनीत एक अनाथ पोरगा बलवानाच्या बाजूला सरकायला कसा शिकतो, एवढंच आहे. कॉमिक्स न वाचणाऱ्याच्या हाती द्यायला हेच सर्वांत योग्य. चौदा वर्षांखालच्या मुलांना नको. हिंसा थंड आहे आणि ती मुलांवरही होते. श्मिटला दया मिळू नये याची काळजी लेखकाने घेतली आहे, तरी पहिल्या अंकात ती वाटतेच.

आणि हे सगळं चाळून स्कल फारच भव्य वाटला, तर हाइनरिख झेमो बघा: ‘ॲव्हेंजर्स’चा सहावा अंक, १९६४. नाझी शास्त्रज्ञ, स्वतःच बनवलेल्या गोंदाने त्याचा जांभळा मुखवटा तोंडाला कायमचा चिकटलाय. त्याला जग नको, तो गोंद काढायचं औषध हवंय.