तळ्याचे चौदा महिने: उडतं किती, मुरतं किती

शेततळ्यावर टाकलेली सावलीची तरंगती जाळी दुसऱ्यांदा फाटली. विकणाऱ्याला फोन केला, तर वाऱ्याने फाटल्यास वॉरंटी लागू नाही म्हणाला. उघड्या पाण्यावर अंथरायची वस्तू विकताना वाऱ्याचा विचार करायचा नाही? त्या फोननंतर ठरवलं, चौदा महिन्यांचा अनुभव लिहूनच काढायचा. जाळीचा, आणि त्याहून जास्त तळ्याचा.

तळं अर्ध्या हेक्टरचं आहे. सरासरी खोली दीड मीटरच्या थोडी वर, बांध मातीचा, तळाला प्लास्टिक नाही. कालव्याची पाळी आली की भरून घ्यायचं. मधल्या दिवसांत वरच्या शेतांच्या चरांतून निचऱ्याचं पाणी येतं. दोन पाळ्यांमधलं अंतर लांबलं तरी पीक मान टाकत नाही, हा फायदा पहिल्याच हंगामात पटला. कालव्याचा गाळ तळ्यात बसतो, त्यामुळे ठिबकचा फिल्टरही कमी वेळा धुवावा लागतो. उन्हाळ्यात शेवाळ मात्र येतं.

पण पहिल्या उन्हाळ्यात, पातळी मोजायला रोवलेल्या पट्टीवर पाणी रोज १७ मिलिमीटर उतरलेलं दिसायचं, तेही पंप बंद असताना. आकडा लहान वाटतो, पण ५,००० चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे ५,००० लिटर. म्हणजे रोज ८५,००० लिटर पाणी पिकाला न मिळताच जात होतं. मला रात्री झोप लागत नसे. जो भेटेल तो सांगायचा की ऊन खातं, झाकून टाक. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे चेंडू सोडले होते, त्याची चित्रफीतही कोणीतरी दाखवली. ते चेंडू मुख्यतः उन्हामुळे पाण्यात ब्रोमेट हे घातक रसायन तयार होऊ नये म्हणून होते, बाष्पीभवन वाचणं हा जोडीचा लाभ, हे मला नंतर कळलं. तोवर मी पाव तळं झाकेल एवढी जाळी घेऊन बसलो होतो.

जाळी टाकली आणि रोजची उतरण १७ वरून १६ वर आली. एवढा खर्च करून एक मिलिमीटर.

मग बादली ठेवली. हे आधी करायला हवं होतं. उथळ कडेला, जाळीपासून लांब, पाण्यात एक बादली दगड घालून बसवायची, काठ पाण्याच्या वर राहील अशी. आतलं पाणी बाहेरच्या पातळीला आणायचं आणि दोन्हीकडे खूण करायची. तीन दिवस उपसा नाही, आवक नाही. बादलीतलं पाणी फक्त उडतं, तळ्यातलं उडतं आणि मुरतंही. बादली रोज ८ मिलिमीटर उतरली. म्हणजे उन्हाला ज्याचा दोष देत होतो त्यातलं निम्मं पाणी खालून जात होतं, आणि मी वरून झाकत बसलो होतो.

गळती तळातून असेल असं वाटलं होतं. निघाली बांधातून, जुन्या पाइपाच्या अंगाने. बांधाच्या पायथ्याशी भर उन्हाळ्यात लव्हाळा हिरवागार होता, आणि मी वर्षभर त्याच्या शेजारून ये-जा करत होतो. तळं खाली गेल्यावर पाइपाभोवती उकरलं, चिकणमातीचे वितीएवढे थर ओलसर करून ठोकून बसवले. जाळी काढून पुन्हा मोजलं: तळं ११, बादली ८. रोजचे ३०,००० लिटर वाचले. माती शेतातलीच होती, खर्च झाला तो अंगमेहनतीचा.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख नुसता आनंदाचा झाला असता. पण दुसऱ्या उन्हाळ्यात भेंडीची पानं कडेने करपली. क्षारता मोजली. भरताना ०.९ असलेलं पाणी (एकक डेसिसायमन प्रति मीटर) २.१ वर गेलं होतं. आदल्या वर्षी याच सुमारास १.४ होतं. कारण समजायला मला वेळ लागला. पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात. गळती होती तेव्हा पातळी राखायला कालव्याचं ताजं पाणी जास्त घेत होतो आणि खारं पाणी पाझरून निघून जात होतं. ती वाट मीच बुजवली. शिवाय चरांचं पाणी वरच्या शेतांतले क्षार घेऊनच येतं. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं असंच मोठ्या प्रमाणावर झालं: नद्यांचं पाणी सिंचनाकडे वळलं, आवक आटली, आणि १९६० मध्ये लिटरला सुमारे १० ग्रॅम असलेले क्षार दक्षिण भागात १०० च्या वर गेले.

एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) मार्गदर्शक आकड्यांप्रमाणे ०.७ च्या खाली काळजी नाही, ३ च्या वर गंभीर अडचण. मी मधे आहे. कापूस आणि बार्ली बरंच सहन करतात, कांदा आणि घेवडा फार थोडं. म्हणून आता उन्हाळ्याच्या शेवटचं पाणी भाजीला देत नाही, कापसाला देतो, आणि पाळी येण्याआधी तळं शक्य तितकं उपसून घेतो, म्हणजे नवं पाणी जुन्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. चराच्या तोंडाला फळी लावली आहे. क्षारता १.५ च्या वर गेली की ती बंद.

गळती बुजवली याचा पश्चात्ताप नाही. बांधातून पाइपाच्या कडेने वाहणारं पाणी माती घेऊन जातं, आणि एक दिवस बांधच घेऊन गेलं असतं. पण क्षारतामापक आधी घेतला असता तर भेंडी वाचली असती. जाळीपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे.

जाळीचे पैसे परत मिळालेले नाहीत. धड राहिलेला तुकडा पंपाच्या पाण्यातल्या तोंडाशी, फुटव्हॉल्व्हभोवती गुंडाळला आहे, शेवाळ तिथेच अडतं.