गांडूळखताची दहा पोती, वजन अगदी चोख

संक्रांत झाली की मी परसातले वाफे उकरायला घेते. साताऱ्यात फेब्रुवारीच्या मध्यावर रात्रीचा गारवा कमी होतो, तेव्हा भेंडी, गवार, दोडका, काकडी टाकायची, म्हणजे पाडव्याच्या पुढेमागे घरची भाजी सुरू होते. खत दरवर्षी गवळ्याकडचं. गेल्या वर्षी मात्र त्याचं शेणखत नीट कुजलेलं नव्हतं. त्यातून हुमणी आली आणि वांग्याची रोपं मुळापासून खाऊन गेली. तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला गांडूळखतच. थोडक्यात, फसायची अर्धी तयारी माझी मीच करून ठेवली होती.

जानेवारीच्या शेवटी कॉलनीत टेम्पो आला. भोंग्यावर 'शुद्ध गांडूळखत, घरपोच' चाललेलं. पोरगा पंचविशीचा, बोलायला गोड. त्याने एका पोत्याचं तोंड सोडून ओंजळभर खत माझ्या हातावर ठेवलं. काळंभोर, चहाच्या चोथ्यासारखं भुसभुशीत, पहिल्या पावसाचा वास आणि वर दोन-तीन जिवंत गांडुळं वळवळतायत. आता कळतंय की गांडुळं दिसली तिथेच संशय यायला हवा होता. तयार खत चाळून भरतात तेव्हा गांडुळं वेगळी काढून ठेवतात, पुढच्या खतासाठी ती लागतात. इथे ती नेमकी वरच्या थरावर, मला दिसतील अशी होती.

चाळीस किलोचं पोतं ४८० रुपयांना. मी म्हटलं, वजन कमी भरलं तर? त्याने लगेच ताणकाटा काढला आणि पोतं टांगून दाखवलं. चाळीस किलो, वर दोनशे ग्रॅम. "ताई, आपल्याकडे काट्यात खोट नाही." खरंच नव्हती. मी दहा पोती उतरवून घेतली, ४८०० रुपये मोबाइलवरून दिले. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पोती केवढीशी आहेत गं." मी हसून सोडून दिलं.

सगळी मेख त्या वाक्यात होती. खत वजनावर विकलं जातं आणि माती खतापेक्षा जड असते, त्यामुळे काट्यात खोट करायची गरजच पडत नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये गांडूळखताची मानकं दिली आहेत. त्यानुसार लिटरभर गांडूळखत ७०० ते ९०० ग्रॅम भरलं पाहिजे. म्हणजे चाळीस किलोला साधारण ५० लिटर जागा लागते, पाण्याचे अडीच जार. माझ्या पोत्यातला माल दीड जाराच्या थोडा वर, एवढ्यातच बसला असता.

हे मला कळलं मार्चमध्ये. वाफे फूटभर खणून सात पोती मिसळली होती. रात्रभर भिजवलेल्या भेंडीच्या तीस बियांपैकी चार उगवल्या. पाणी घातलं की वर तळं साचायचं, दोन दिवसांनी वरचा थर तडकायचा. तडा एवढा की खुरप्याचं टोक आत जाई. दोडक्याचा वेल वीतभर वाढून पिवळा पडला. फोन केला तर पोरगा म्हणाला, "खत गरम असतं ताई, पाणी वाढवा." आठवड्याने पुन्हा केला तर, "तुमच्या मातीतच दोष आहे." त्यानंतर फोन लागला नाही.

मग उरलेल्या पोत्याच्या तळातला माल काढून लिटरच्या मापाने मोजला. १ किलो २४० ग्रॅम. मूठभर काचेच्या बरणीत पाण्यात ढवळला. बारीक वाळू लगेच खाली बसली आणि पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ होतं. तरंगून वर आल्या त्या चार काड्या. मैत्रिणीकडचं खात्रीचं गांडूळखत तसंच ढवळलं तर बराच चोथा वर तरंगत राहिला. तरी माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना दिलाच. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्याशेणातला कार्बन, ०.७ टक्के आला. मानक आहे किमान १८ टक्के. चाळलेली काळी माती मी बारा रुपये किलोने घेतली होती.

तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोत्यावर काय छापलंय?" पोत्यावर गांडुळाचं चित्र होतं आणि '१०० टक्के ऑरगॅनिक'. उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, घटकांचं प्रमाण नाही. हे सगळं छापणं बंधनकारक आहे आणि खत विकायला परवानगीही लागते. मी दोन्ही विचारलं नव्हतं. बिल? तेही नव्हतं. पैसे ज्या नावावर गेले ते त्या पोराचं नव्हतंच. अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रारही नोंदवली आहे. दोन्हीकडून अजून काही नाही.

तुमच्याकडे असा टेम्पो आला तर वरची ओंजळ घेऊ नका. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातलं काढायला सांगा आणि घरातलं लिटरचं माप व काटा बाहेर आणा. मापभर माल किलोच्या वर गेला तर पोतं उतरवूच देऊ नका. आणि घ्यायचंच असेल तर आधी एक पोतं घ्या. दहा घ्यायची घाई मला का झाली, याचं उत्तर 'दहावर एक फुकट' एवढंच आहे. अकरावं तो 'उद्या आणतो' म्हणाला होता.

वाफ्यांचा वरचा वीतभर थर काढून टाकलाय. गवळ्याकडून शेणखत आणलं, यंदा पाटीत पसरून, फोडून, हुमणी बघून. काकडी उशिरा का होईना, लागली आहे. उरलेली तीन पोती ह्यांनी गेटाजवळच्या खड्ड्यात घालून धुम्मस केली. स्कूटर आता तिथे सरळ उभी राहते.