रिसेप्शन ते नर्सिंग स्टेशन: सामाईक कीबोर्ड, फोन, प्रिंटर नेमकं कशाने पुसायचं?

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या घाऊक दुकानात ‘हॉस्पिटलचे कॉम्प्युटर पुसायला काहीतरी द्या’ म्हटलं, की काउंटरवर चार प्रकारचा माल येतो: ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, ‘क्वाट’ गटातल्या जंतुनाशकात भिजवलेले तयार वाइप्स, हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं द्रावण आणि हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. नेहमीचे जंतू चारही मारतात, त्यामुळे निवड त्यावर ठरत नाही. कोणतं द्रावण कोणत्या यंत्राला सोसेल आणि गर्दीच्या ओपीडीत ते पुरेसा वेळ ओलं राहील का, हे दोन प्रश्न खरे. कॉलेज रोडवरचा दोन खोल्यांचा दवाखाना आणि मुंबई नाक्याजवळचं शंभर खाटांचं रुग्णालय यांची उत्तरं म्हणूनच वेगळी येतात.

आधी एक गोष्ट, जी बाटलीच्या किमतीपेक्षा महत्त्वाची आहे. २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी कीबोर्डवर सहा जंतुनाशकं तपासली. अवघे पाच सेकंद पुसल्यावर प्रत्येकाने ९५ टक्क्यांहून जास्त जंतू काढले किंवा मारले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या साध्या निर्जंतुक पाण्यानेही जवळपास तेच केलं. ३०० वेळा पुसूनही कीबोर्ड चालू राहिले. म्हणजे काम मोठ्या प्रमाणात घासण्याने होतं. अंतरावरून फवारा मारून फडका फिरवल्यासारखं करणं हा महागडं द्रावण वाया घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

अल्कोहोल आणि वाइप्स

इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी पहिली पसंती ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलला. डाग राहत नाही, पुन्हा पाण्याने पुसावं लागत नाही, धातू गंजत नाही. ९९ टक्क्यांचं घेतलं तर जास्त चांगलं, हा गैरसमज मात्र सर्रास आढळतो. जंतूंच्या पेशीतली प्रथिनं बिघडवायला पाणी लागतं आणि जास्त तीव्र अल्कोहोल त्याआधीच उडून जातं. ९९ टक्क्यांचा कॅन घेतला असेल तर ७१० मिली मोजून त्यात एक लिटर होईपर्यंत डिस्टिल्ड पाणी घालावं.

याची मोठी उणीव म्हणजे वेग. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात, डोक्यावर पंखा चालू असताना पातळ थर अर्ध्या मिनिटातही सुकतो. लेबलवर एक मिनिट ओलं ठेवा असं लिहिलं असेल, तर दुसऱ्यांदा पुसण्याला पर्याय नाही. शिवाय अल्कोहोल बीजाणूंवर, म्हणजे काही जंतूंच्या कडक कवचातल्या सुप्त रूपावर, चालत नाही आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा धरता येत नाही. जुलाबाच्या रुग्णांच्या वॉर्डातला कीबोर्ड केवळ त्याने पुसून सोडून देऊ नये. ते ज्वलनशील आहे, म्हणून पाच लिटरचा कॅन रिसेप्शनखाली यूपीएसच्या शेजारी ठेवण्याची पद्धत तातडीने बंद करण्याजोगी.

हातांचं सॅनिटायझर यासाठी वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या सॅनिटायझरमध्ये त्वचेसाठी १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं. तेच कीबोर्डवर चिकट थर धरतं आणि धूळ ओढून घेतं.

क्वाटचे वाइप्स, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी रसायनं भिजवलेले रुमाल, महाग पडतात. पण मोजमाप, मिसळणं, फडके धुणं ही सगळी कामं वाचतात, आणि दर सहा महिन्यांनी सफाई कर्मचारी बदलणाऱ्या रुग्णालयात हा फायदा छोटा नाही. पृष्ठभाग बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे ओलेपणाची वेळ पाळणं शक्य होतं. प्रत्येक कंपनीची वेळ वेगळी असते, ती डब्यावर पाहूनच घ्यावी.

चुका दोन ठिकाणी होतात. डब्याचं झाकण उघडं राहतं आणि दोन दिवसांत रुमाल कोरडे होतात. दुसरी चूक पैसे वाचवण्यासाठी: क्वाटचं सुटं द्रावण आणून जुन्या सुती फडक्याने पुसणं. सुताचे धागे क्वाट स्वतःकडे शोषून धरतात आणि पृष्ठभागावर उतरतं ते कमजोर पाणी. सुटंच वापरायचं तर पॉलिस्टरचा फडका घ्यावा. बीजाणूंवर क्वाटही चालत नाही. रोज वापरल्यावर पातळ थर साठतो, आठवड्यातून एकदा पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने तो काढावा.

पेरॉक्साइड आणि हायपो

०.५ टक्क्यांच्या आसपासचं सुधारित हायड्रोजन पेरॉक्साइड आयसीयू आणि डायलिसिसच्या नर्सिंग स्टेशनसाठी चांगलं. सेंद्रिय घाणीत ते तुलनेने टिकतं आणि शेवटी पाणी व ऑक्सिजन होऊन विरून जातं. अडचण यंत्रांच्या बाजूने येते. उदाहरणार्थ, ॲपल आपल्या उपकरणांवर पेरॉक्साइड आणि ब्लीच दोन्ही वापरू नका असं सांगतं आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइप्सना परवानगी देतं. वॉर्डात राउंडला टॅब फिरत असेल तर खरेदीआधी हे पाहावं. फॉगिंगसाठी, म्हणजे खोलीत धुक्यासारखा फवारा सोडण्यासाठी, मिळणारं चांदीमिश्रित तीव्र पेरॉक्साइड ही वेगळी वस्तू आहे, ते तसंच्या तसं यंत्रावर ओतायचं नसतं.

हायपो स्वस्त आहे, बीजाणू मारतं, आणि म्हणूनच सगळीकडे वापरलं जातं. संगणकासाठी मात्र ते नको. यूएसबीचे पोर्ट, स्क्रू, स्टेपलर, कार्ड स्वाइप मशीनच्या पट्ट्या गंजतात आणि प्लास्टिक पिवळं पडतं. त्याची जागा टेबलावर, खुर्चीच्या हातांवर, फरशीवर. ५ टक्क्यांच्या बाटलीतून ०.१ टक्का करायचं तर २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी. रक्त सांडलं असेल तर १ टक्का, म्हणजे २०० मिलीत ८०० मिली पाणी, आणि किमान १० मिनिटं संपर्क. बाजारात १० टक्क्यांचं हायपोही मिळतं. नवीन मावशींना जुन्याच मापाने शिकवलं आणि बाटली बदलली, की तीव्रता दुप्पट होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या स्टोअरमध्ये ठेवलेलं हायपो ताकद गमावतं, म्हणून तिथे उलट घडतं. रोजचं द्रावण रोज करावं. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोन्ही बाटल्या एकाच बादलीत नकोत.

यंत्रागणिक

कीबोर्डची पद्धत अशी: केबल काढा, वायरलेस असेल तर बंद करा, उलटा करून हलकेच आपटा. आयसीयूत दाबाच्या हवेने धूळ उडवू नका, ती रुग्णाकडेच जाते. फडका चौकोनी घडी करून आठ बाजू मिळतात, प्रत्येक बाजू एकदाच वापरा. द्रावण फडक्यावर घ्या, यंत्रावर कधीच नाही. आधी कडा, मग बटणं, शेवटी एंटर आणि स्पेसबार, कारण सगळ्यात मळलेली तीच. माउसचा तळ विसरला जातो. फोनच्या रिसीव्हरचं बोलण्याचं टोकही.

अक्षरं छापलेल्या स्वस्त कीबोर्डवर अल्कोहोलने काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात. कोरीव अक्षरांचा घेतला तर हा प्रश्न येत नाही. सिलिकॉनचं कव्हर चांगलं, फक्त ते फाटलं की लगेच बदलायचं, नाहीतर आत साठलेल्या ओलाव्यात घाण धरते. पूर्ण धुता येणारे आयपी६८ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारे, कीबोर्ड महाग असतात. आयसीयू आणि कॅज्युअल्टीत ते घ्यावेत, बिलिंग काउंटरवर गरज नाही. साध्या कीबोर्डवर रक्त उडालं असेल तर तो वाचवण्याचा खटाटोप न करता काढून टाकणं पाचसहाशे रुपयांत पडतं.

केसपेपर आणि बारकोड स्टिकर छापणाऱ्या थर्मल प्रिंटरचं हेड गार झाल्यावर ९९ टक्के अल्कोहोलनेच पुसतात. इथे तीव्रता जास्त हवी, कारण काम साठलेला मळ आणि चिकटपणा काढण्याचं आहे. अंगठ्याने हजेरी घेणाऱ्या थम्ब मशीनच्या काचेवर काय चालतं ते त्याच्या पुस्तिकेत पाहा, काहींच्या लेपाला अल्कोहोल सोसत नाही. तिथे रांग मोठी असल्याने मशीनशेजारी हात चोळायचं सॅनिटायझर ठेवणं जास्त परिणामकारक, पण ओला अंगठा लावू देऊ नका.

कोणी काय घ्यावं

छोट्या दवाखान्याला ७० टक्के अल्कोहोल आणि डझनभर पॉलिस्टर फडके पुरतात. हायपो फक्त फरशी आणि रक्तासाठी. वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये हेच, त्यात नर्सिंग स्टेशन आणि कॅज्युअल्टीसाठी वाइप्सची भर. शंभर खाटांच्या पुढे सगळीकडे एकच वाइप ठेवणं सोयीचं, कारण गोंधळ टळतो, आणि आयसीयूला पेरॉक्साइड, मात्र यंत्रांच्या कंपन्यांनी मान्य केलेलंच. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात ओपीडीची गर्दी वाढेल तेव्हा वाइप्सची मागणीही वाढणार, तो साठा आधी भरून ठेवावा.

अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या यूव्ही-सी पेट्यांची जाहिरात बरीच चालते. प्रकाश सरळ पडतो तिथेच परिणाम, बटणांच्या फटीत नाही, आणि उघड्या दिव्यात डोळे-त्वचा भाजतात. आधीच पुसलेल्या टॅबसाठी जास्तीचं साधन म्हणून ठीक, पुसण्याऐवजी नव्हे.

पुसण्याची वेळ शिफ्ट बदलताना, म्हणजे दिवसातून तीनदा. ग्लोव्ह्ज घालून टायपिंग चालू राहिलं, तर यातलं काहीही टिकत नाही. तपासणीसाठी फ्लुरोसंट मार्करने माउसच्या बटणावर आणि रिसीव्हरवर ठिपका द्या, पुढच्या शिफ्टला यूव्ही टॉर्चने पाहा. ठिपका शाबूत दिसला तर तिथे फडका पोहोचलेलाच नाही.